कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

मी संस्थेत आले ती हिशेब लिहायला. दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव, हर्णै बंदरापासून फार लांब नाही. संस्था लहानच. मासे विकणाऱ्या बायकांचे गट, कातकरवाडीतल्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून चाललेली खटपट, पावसाच्या तोंडावर एखादं आरोग्य शिबिर. लेटरहेडच्या तळाला बारीक अक्षरात ‘समता, न्याय, सहभाग’ छापलेलं. ते लेटरहेड ज्या लोखंडी कपाटात असायचं, त्याची किल्ली संस्थापक सरांच्या घरी, वहिनींच्या जुडग्यात.

कपाटात होतं काय? चेकबुक, शिक्का, इतिवृत्ताची वही आणि कोरी लेटरहेडं. पण कुणाला साधा दाखला हवा असला तरी सरांच्या घरी जावं लागे. मी गेले की ओटीवरून थेट माजघरात जाई, वहिनी चहाचं आधण ठेवत. आमची बौद्धवाडीतली कार्यकर्ती गेली की अंगणात तुळशीपाशी उभी राही आणि तिथूनच हाक मारी. ‘वर येऊ नको’ असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. सर तर माणूस म्हणून लाख. फुले-आंबेडकरांवर बोलायला लागले की ऐकत राहावं. मला हे सगळं दिसायला आठ वर्षं लागली, कारण मी माजघरात बसून बघत होते.

आता आजूबाजूच्या संस्थांतली तरुण पोरं विचारतात, ताई, आमच्या संस्थेत खरोखरची समता आणायची तर सुरुवात कुठून करू? प्रशिक्षण ठेवू का, धोरण लिहू का? मी म्हणते, आधी किल्ली कुठे असते ते सांग. पुढे जे लिहिलंय ते आम्ही चुकत-माकत केलेलं आहे. तुमच्या गावाला जसं बसेल तसं घ्या.

आधी जुनी वही वाचा

गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक असतात. ती नावं एका कागदावर उतरवा, पुढे वाडी लिहा, बाई की पुरुष ते लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. आमच्याकडे सूचक म्हणून तीनच नावं आलटून पालटून येत होती, तिन्ही एका आळीतली. अनुमोदकांत मात्र सगळ्या वाड्या हजर. म्हणजे सुचवायचं एका आळीने आणि मान डोलवायची सगळ्या गावाने. आणि हे सगळं माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं.

मग सह्या बघा. सभा झाल्यावर वही घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या ओळखू येतात, सगळ्या एकाच पेनाच्या शाईत आणि घाईतल्या असतात. लहान संस्थांत हे सर्रास चालतं, आम्हीही केलं. बंद करा. गणसंख्या भरली नाही तर सभा तहकूब म्हणून लिहा. दोनदा तहकूब झाली की माणसं का येत नाहीत हा प्रश्न आपोआप सभेपुढे येतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. इतिवृत्त सभा संपायच्या आधी तिथल्या तिथे मोठ्याने वाचायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लिहिलं होतं, ‘महिलांच्या आर्थिक सक्षमीकरणाबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ खारवीवाड्यातल्या एक काकी मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “तुमी लिवलंय ता आमी बोललोच नाय. आमी बोललो बर्फाचा.”

खरंच. पाऊण तास बायका बर्फावर बोलत होत्या. लिलावात घेतलेली मासळी दापोलीच्या बाजारात बसेपर्यंत टिकायला बर्फ लागतो, तो बोटवाल्यांना आधी मिळतो, बायकांना उरला तर, आणि तोही चढ्या भावाने. मी त्याचं ‘सक्षमीकरण’ करून टाकलं होतं. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘बर्फाची मोठी पेटी घ्यावी, बर्फ एकत्र विकत आणावा.’ खाली सूचक म्हणून काकींचं नाव. ती पेटी आली. सक्षमीकरण कधी आलं असतं कोण जाणे.

सभा पंचांग बघून ठेवा

आमची मासिक सभा कायम दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला असे, कारण सरांना आणि बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या खजिनदारांना ती वेळ सोयीची. खाडीत मुळे-तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायका कधी येत, कधी अजिबात नाही. आम्ही लिहीत होतो, ‘सदस्यांची उदासीनता’.

समुद्रकाठच्या माणसाला हा हिशेब सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांसाठी सांगते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पुनवेला साधारण सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास पुढे-मागे. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं असतं. त्या दिवशी बायका साडेसातलाच गुडघाभर चिखलात उतरलेल्या असतात आणि अकरापर्यंत बाहेर येत नाहीत. आल्या की ते विकायला पळायचं. दुसरा शनिवार चतुर्थी-पंचमीला आला की दहाच्या सभेला त्या कशा येणार? उदासीन त्या नव्हत्याच. आम्ही दिनदर्शिकेत शनिवार बघत होतो, तिथी बघायची राहत होती.

आता वर्षाचा तक्ता आम्ही आषाढात करतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मासे विकणाऱ्यांना जरा उसंत असते, पण तेव्हाच लावणी असते आणि कुणबीवाडीची माणसं शेतात. आंब्याच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांची वेळ नसते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेली की पावसाच्या तोंडाला परततात, म्हणून त्यांच्याबद्दलचा कुठलाही निर्णय जानेवारीच्या सभेत घ्यायचाच नाही, असा लेखी नियम केलाय. सगळ्यांना सोयीची एकच वेळ कधीच निघत नाही. गैरसोय दरवेळी त्याच त्या वाडीची होऊ नये, एवढं आपल्या हातात असतं.

जागा, बसणं, चहा

सभा देवळाच्या सभामंडपात व्हायची. फुकट, पंखा आहे, जागा मोठी. कुणाला मज्जाव नव्हता. तरी मोहल्ल्यातली एकही बाई आली नाही आणि बौद्धवाडीतल्या बायका आल्या तरी पायरीच्या बाजूला, चपला सांभाळत असल्यासारख्या बसत. मराठी शाळेच्या व्हरांड्यात सभा नेली तेव्हा पहिल्याच महिन्यात मोहल्ल्यातून चौघी आल्या. आम्ही त्यांच्यासाठी दोन वर्षं ‘संपर्क मोहीम’ चालवत होतो, तिचा खर्च आठवला की अजून लाज वाटते.

खुर्च्यांचंही बघा. चार खुर्च्या असल्या की त्यावर कोण बसणार हे न बोलता ठरलेलं असतं. आम्ही खुर्च्या काढूनच टाकल्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन ठेवल्या आणि त्यावर गुडघे दुखणारीच बसतात, पदाधिकारी नव्हे. सर दोन महिने रुसले होते. त्यांचेही गुडघे दुखतात हे नंतर कळलं, तेव्हा त्यांनाही एक दिली.

चहाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नेहमी स्टीलचे पेले असायचे. एका सभेला जास्त माणसं येणार म्हणून कागदी कप आणले. मी चहा ओतत होते. ट्रे फिरवणाऱ्या मुलाने काही सांगितलेलं नसताना, अगदी सहज, आमच्या आळीला पेले दिले आणि वळून बौद्धवाडीच्या व कातकरवाडीच्या बायकांकडे कागदी कप नेले. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचा हातच तसा वळला. आणि मीही ट्रे भरताना पेले एका बाजूला नि कप दुसऱ्या बाजूला लावले होते. कुणी काही बोललं नाही. आमच्या त्या कार्यकर्तीने कप घेतला, चहा प्यायली, कपाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. पुढच्या सभेत तिने तो चपटा कप माझ्या वहीवर ठेवला. बोलली काहीच नाही.

त्यावर सरांनी तातडीने ठराव मांडला: संस्थेत जात, धर्म, लिंग यावरून कोणताही भेदभाव केला जाणार नाही. सर्वानुमते मंजूर. ती तेव्हा बोलली. म्हणाली, “सर, महाडलाही ठराव झालाच होता.”

महाड आमच्यापासून घाट उतरला-चढला की आलंच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, आणि पाण्याला हात लावायची सोय नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत जाऊन पाणी प्यायली, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला आणि प्रकरण कोर्टात चालून उच्च न्यायालयाचा निकाल आला तो १९३७ साली.

तेव्हापासून आमच्या वहीत ठरावाखाली तीन रकाने आखलेले असतात: कोण करणार, कधीपर्यंत, पैसे कुठून. ते भरल्याशिवाय ठरावाला क्रमांक पडत नाही. भेदभावाच्या ठरावाखाली आम्ही लिहिलं: ‘एकसारखे पन्नास पेले घेणे, हिशेबनीस, पुढच्या सभेआधी, किरकोळ खर्चातून. चहा वाटणे आणि पेले विसळणे आळीपाळीने, यादी भिंतीवर.’ यादीत पहिलं नाव सरांचं टाकलं. त्यांनी विसळले. वहिनींना कुणीतरी घरी जाऊन सांगितलं, त्यावर मी लिहीत नाही.

मानधन हा शब्द तपासा

कुठल्याही संस्थेचं पगारपत्रक बघितलं की तिचं मन कळतं. मुंबई-पुण्याहून समाजकार्याची पदवी घेऊन आलेल्याला ‘पगार’ असतो. वाडीतल्या बाईला, जी घराघरात जाते, भांडणं मिटवते, रात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाते, तिला ‘मानधन’. मान देतो म्हणून धन कमी, असा काहीतरी हिशेब असावा. करायचं ते असं: तिचे महिन्याचे खरे दिवस मोजा, मानधनाला भागा, आणि जी रक्कम येईल ती आंब्याच्या बागेत जाणाऱ्या बाईच्या हजेरीशी ताडून बघा. आमच्याकडे ती हजेरीच्या निम्मीही भरेना. हा आकडा मी पाच मिनिटांत काढू शकत होते आणि तेरा वर्षं काढला नव्हता.

एका झटक्यात पगार सारखे करायला पैसे नव्हते. दोन वर्षं वरचे पगार गोठवले, खालचे वाढवले. एक पदवीधर मुलगा सोडून गेला, चांगला होता, वाईट वाटलं. नवीन प्रस्ताव लिहिताना ‘मानधन’ हा शब्दच ठेवला नाही. देणगीदाराने विचारलं की क्षेत्र कार्यकर्त्यांचा खर्च एवढा का, तर आम्ही तो आकडा दाखवतो, हजेरीचा. बहुतेक वेळा मान्य होतं. नाही झालं तर तो प्रकल्प आपला नव्हे असं समजायला मी शिकतेय.

प्रवासखर्चाचं सोपं आहे, पण तिथेच माणसं गळतात. सहा आसनी रिक्षावाला बिल देत नाही. बिल आणा मग पैसे देतो, म्हटलं की बाई पुढच्या वेळी येत नाही. दर ठरवून टाका, कुठल्या वाडीपासून किती, आणि सभेला आल्या आल्या व्हाउचरवर सही घेऊन हातात द्या. लेखापरीक्षकाला ठरावाची प्रत दिली की तो कुरकुरत नाही. ज्यांचा दिवस बुडतो त्यांना बुडीत हजेरीही द्या. सरकारी नोकरदार सदस्याला सभा ही रजा असते, मासे विकणाऱ्या काकींना ती उपासाची सुरुवात असू शकते.

निवडून दिलं म्हणजे नेतृत्व दिलं असं नाही

हा भाग रटाळ आहे, पण सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आमचं ते कार्यालय रत्नागिरीला, एसटीने जाऊन येऊन दिवस मोडतो. अर्जाला सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, इतिवृत्त, जुन्या विश्वस्तांचे राजीनामे असल्यास ते, नव्यांची संमतीपत्रं आणि ओळखीचे कागद जोडावे लागतात.

आमच्या संस्थेत बौद्धवाडीतली ती कार्यकर्ती आणि खारवीवाड्यातल्या काकी विश्वस्त म्हणून निवडून आल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, वार्षिक अहवालात छापला. बदल अर्ज मात्र कुणी दिलाच नाही. ‘करू या पुढच्या महिन्यात’ करत तीन वर्षं गेली. सरकारदरबारी परिशिष्टावर, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं, त्यामुळे बँकेतही जुन्याच सह्या. दोघी तीन वर्षं विश्वस्त होत्या ते फक्त फोटोत. यात कुणाचा डाव होता असं मी म्हणणार नाही. अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं. मी आळस केला, आणि तो आळस नेमका त्या दोघींच्याच वाट्याला आला. विलंब माफीचा अर्ज जोडून शेवटी केलं ते काम. तुमच्याकडे असं काही पडून असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते उरका.

मग बँक. सह्यांचे अधिकार तिघांना द्या, त्यातल्या कोणत्याही दोघांची सही लागेल असं ठेवा, आणि तिघं एका घरातले, एका आळीतले नसतील हे बघा. काकींना सही येत नव्हती. अंगठ्यावर चेक चालवायला बँकेतले साहेब का-कू करत होते. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीत होते, काकी म्हणाल्या, थांब. नातवाच्या पाटीवर चार महिने गिरवली त्यांनी सही. पहिल्या चेकवर ती रेघेच्या बाहेर गेली, चेक परत आला, दुसरा लिहिला.

आणि काकी खजिनदार झाल्या तेव्हा त्यांना ‘प्रशिक्षण’ वगैरे दिलं नाही. दर मंगळवारी दोन तास माझ्या शेजारी बसल्या. मी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, वाचायची, त्या ऐकायच्या. अक्षर येत नाही, पण जन्म लिलावात गेलेला. पाट्यांचे भाव, उधारी, कुणाचे किती आले नि किती राहिले, हे सगळं तोंडी. तिसऱ्या मंगळवारी मला थांबवून म्हणाल्या, ही दापोलीची रिक्षा परत वाच. मी वाचली. म्हणाल्या, हीच तू मघाशी वाचलीस आणि मागच्या मंगळवारीही वाचलीस. एकच व्हाउचर तीन ठिकाणी चढलं होतं. चूक माझीच, लबाडी नव्हती, पण लेखापरीक्षकाच्याही नजरेतून ती सुटली होती. ‘त्यांना हिशेब कळणार नाही’ असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते आणि व्हाउचरचा क्रमांकही सांगते.

सारखं वाटणं आणि न्यायाने वाटणं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर चढलं आणि आमचीही घरं कौलांसकट उघडी पडली, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वीज नाही, फोन नाही. मदत आली तेव्हा आम्ही अभिमानाने म्हणालो, घरटी एक ताडपत्री, घरटी एक किट, कुणावर अन्याय नको.

झालं असं की स्लॅबच्या घराला एक ताडपत्री आणि कुडाच्या झोपडीलाही एकच. तीन माणसांच्या घरात जेवढा तांदूळ तेवढाच अकरा माणसांच्या. यादी शिधापत्रिकेवरून केली, त्यामुळे ज्यांच्याकडे ती नव्हती अशी कातकरी कुटुंबं राहिली. आणि एक नुकसान तर आमच्या यादीत रकानाच नव्हता म्हणून दिसलं नाही. बायका एप्रिल-मे महिन्यांत जवळा, बांगडा, बोंबील सुकवून ठेवतात. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत तेच विकून घर चालतं. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावरच सुकी मासळी भिजून कुजली. घर पडलं तर पंचनामा, बाग पडली तर सातबारा. सुक्या मासळीच्या पाट्यांचा उतारा कुठून आणायचा?

म्हणून आता आपत्तीची यादी वाडीतल्याच दोन बाया करतात, घरात जाऊन, आणि रकाने असे असतात: माणसं किती, छप्पर कसलं, पावसाळ्यात पोट कशावर, कागद कोणता नाही. शेवटचा रकाना महत्त्वाचा. ज्याच्याकडे कागद नाही तो यादीत सगळ्यात वर. यादी शाळेच्या भिंतीवर दोन दिवस लावायची, मग वाटप. भांडणं होतात, दुसऱ्या दिवशी तर फार होतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा हीच पद्धत वापरली. आमच्या आळीतल्या एका काकांनी माझ्याशी वर्षभर बोलणं सोडलं होतं. त्यांच्या घराला तेव्हा ताडपत्री मिळाली नव्हती. घर स्लॅबचं आहे.

तक्रार कुठे करायची

थोडक्यात सांगते, कारण कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. तिच्यात निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, अध्यक्ष बाई हवी, बाहेरची एक सदस्य हवी. त्याहून लहान संस्थेतल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत करायची असते.

आता मानधनाकडे परत या. ‘आमच्याकडे सहाच कर्मचारी’ असं सांगणाऱ्या संस्था मानधनवाल्या बायका मोजत नाहीत. कायदा त्यांनाही, अगदी स्वयंसेवकांनाही कर्मचारी धरतो. तशी मोजणी केली तेव्हा आम्ही सहाचे सतरा झालो. आणि कामाचं ठिकाण म्हणजे फक्त कार्यालय नव्हे. कामासाठी संस्थेने दिलेली गाडी, शिबिराचा हॉल, मुक्कामाची जागा, सगळं त्यात येतं. समितीतल्या बायकांची नावं आणि फोन आम्ही कार्यालयातल्या फलकावर लावले होते. वाचायला कोण येणार तिथे? आता ते गटांच्या पासबुकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेत.

जातीवरून होणाऱ्या वागणुकीच्या तक्रारीसाठी मात्र अशी समिती संस्थेत असावी असं कुणी सांगत नाही. गुन्हा घडला तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण कागदी कपाची तक्रार पोलिसांत कोण नेणार? आम्ही त्याच समितीकडे तेही काम दिलं, संस्थेच्या घटनेत तसं लिहून घेतलं, आणि बाहेरची सदस्य आमच्या कुठल्याच वाडीशी नातं नसलेली निवडली.

मुंबईकर, कंपनीवाले आणि खोत

कोकणातल्या गावाचा अर्धा कारभार मुंबईत चालतो. संस्थेचंही तसंच. वर्गणी मुंबई मंडळाची, म्हणून निर्णयही लालबाग-परळच्या खोलीत, आणि गणपतीला आले की गावात फक्त कळवायचे. त्यांना दुखवून चालत नाही, भाऊ-भाचेच आहेत आपले. आम्ही वार्षिक सभा गणपतीतून काढून डिसेंबरात नेली. गणपतीत त्यांच्यासाठी वेगळी बैठक घेतो, त्यात हिशेब दाखवतो, सूचना लिहून घेतो, मतदान घेत नाही. पहिल्या वर्षी वर्गणी घटली. दुसऱ्या वर्षी जवळपास तेवढीच झाली.

कंपन्यांचं वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग आहे. भाग आहे हे लक्षात ठेवून बोलणी करा. पाहुणे येणार म्हणून कातकरवाडीतल्या पोरांना उन्हात रांगेत उभं करायचं नाही. फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. ओवाळणी तर नाहीच.

खोतीची आठवण मला इथे येते. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे, वसुली त्याच्या हातून, दादही त्याच्याच दारी. बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. आज देणगीदार आणि गाव यांच्यामध्ये आम्ही उभ्या आहोत, पैसा आमच्या हातून, दाखला आमच्या दारी. हे मी एकदा सरांना म्हणाले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग आत जाऊन वहिनींच्या जुडग्यातून किल्ली काढून आणली.

ती आता शाळेशेजारच्या अंगणवाडीत असते, खिळ्याला. दुसरी काकींकडे. कोणी कपाट उघडलं ते लिहायची एक वही आत ठेवली आहे.

पुढची सभा वद्य नवमीला आहे. भरती पावणेसातला, ओहोटी पाऊणच्या सुमाराला, भांगाचं पाणी, म्हणजे ओहोटीला पाणी फार उतरत नाही, त्यामुळे मुळे फार मिळणार नाहीत आणि बायका लवकर वर येतील. म्हणून चारची वेळ ठेवली आहे. चहा वाटायची पाळी माझी.